‘मराठी कानावर पडावी म्हणून टीव्ही लावून ठेवतो’: इंदूरच्या एका आईला उत्तर

ताई, आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर आईवडिलांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सुदामा नगरात राहता. घरात सासू-सासरे, तुम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी आणि पावणेतीन वर्षांचा मुलगा. मुलगा कार्टून लावल्याशिवाय घास घेत नाही. बोलतो ते सुटे शब्द, तेही हिंदी, मराठी, इंग्रजी मिसळून. दोन शब्द जोडून बोलणं क्वचितच. शेजारी, दुकानं, बालवाडी सगळीकडे हिंदी, म्हणून निदान घरात मराठी कानावर पडावी या हेतूनं संध्याकाळी सात ते दहा मराठी मालिका चालू असतात. त्या सासूबाईंच्याही आवडीच्या. आता कुणीतरी सांगितलंय की टीव्हीमुळेच मूल बोलत नाही. तुम्ही विचारताय की टीव्ही घरातून काढून टाकावा का, आणि दोन भाषांमुळे त्याचा गोंधळ होत असेल तर मराठी सोडून हिंदीच बोलावं का.

मी इंदुरात २७ वर्षं मुलांची डॉक्टर म्हणून काम करतेय. मराठी घरातला हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी ऐकू येतो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ते आधी देते: मराठी अजिबात सोडू नका. दोन भाषा ऐकणारी मुलं वाक्यात दोन्हीकडचे शब्द मिसळतात, पण त्यामुळे त्यांचं बोलणं अडत नाही. शब्द मोजताना दोन्ही भाषांतले एकत्र मोजायचे. ‘पानी’ आणि ‘आई’ हे दोन शब्द झाले. आपल्या गावात पिढ्यान् पिढ्या मुलं ओट्यावर हिंदी आणि आत मराठी बोलत मोठी झाली आहेत.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी मला काही गोष्टी माहीत असायला हव्यात, आणि त्या मूल समोर असल्याशिवाय कळत नाहीत. दोन वर्षांच्या सुमाराला बहुतेक मुलांकडे पन्नासेक शब्द असतात आणि ती ‘बाबा गेला’, ‘दूध दे’ असं दोन शब्द जोडू लागतात. म्हणजे तुमचा मुलगा मागे आहे हे खरं. पण किती मागे आणि कशामुळे, हे टीव्हीच्या तासांवरून ठरत नाही. माझ्या टेबलावर घट्ट झाकणाची एक छोटी स्टीलची डबी असते, आत राजगिऱ्याचा लाडू. मूल आलं की मी डबी हलवून लाडू दाखवते, झाकण लावते, त्याच्या हातात देते आणि गप्प बसते. काही मुलं झाकणाशी झटतात, जमलं नाही की डबी माझ्यापुढे धरतात, माझ्या डोळ्यांत बघतात आणि ‘उघल’ म्हणतात. काही बोलत नाहीत, पण डबी पुढे करून आईकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघतात. अशा मुलाला शब्द नसले तरी सांगायची ओढ आहे, आणि त्याच्याबद्दल मला फार काळजी वाटत नाही. पण मूल कुणाकडेच न बघता डबी टाकून देत असेल किंवा माझा हात एखाद्या अवजारासारखा धरून झाकणावर ठेवत असेल, नावानं हाक मारली तरी वळत नसेल, बोटानं काही दाखवत नसेल, तर विकासाची पूर्ण तपासणी करायलाच हवी. ही स्वमग्नतेची (ऑटिझमची) लक्षणं असू शकतात. टीव्हीमुळे स्वमग्नता होते असं सिद्ध झालेलं नाही. पण टीव्ही बंद केला की सगळं आपोआप ठीक होईल या आशेवर घालवलेलं एक वर्ष फार महाग पडतं, म्हणून हे सांगितलं.

दुसरी गोष्ट कानाची. उशिरा बोलणाऱ्या प्रत्येक मुलाची ऐकण्याची तपासणी आधी करायची, मग ते आवाजाला दचकत असो वा नसो. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे कधीकधी पाणी साचतं. मूल बहिरं नसतं, पण कानात बोटं घातल्यावर आपल्याला जसं ऐकू येतं तसं त्याला ऐकू येतं. टीव्हीचा आवाज मोठा असला की हे लक्षातच येत नाही, कारण टीव्ही त्याला नीट ऐकू येतो आणि आजीचं हळू बोलणं येत नाही. तो टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसतो का, आवाज वाढवायला सांगतो का, हे बघा.

आता मालिकांकडे येते. तुमचा हेतू किती चांगला आहे हे मला कळतं. महाराष्ट्राबाहेर घरात भाषा टिकवायची धडपड काय असते ते मी स्वतः दोन मुलं वाढवताना अनुभवलंय. पण पावणेतीन वर्षांच्या मुलाला पडद्यातून भाषा फारशी मिळत नाही. २००३ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या इंग्रजी घरांतल्या बाळांवर एक प्रयोग केला. काही बाळांशी चिनी बोलणाऱ्या व्यक्ती समोर बसून, पुस्तकं आणि खेळणी घेऊन बारा बैठकांत बोलल्या. दुसऱ्या बाळांना त्याच व्यक्तींचं तेच बोलणं व्हिडिओवर दाखवलं, आणखी काहींना नुसतं ऐकवलं. समोर माणूस असलेल्या बाळांना चिनीतले ध्वनी वेगळे ओळखता येऊ लागले. व्हिडिओ बघणाऱ्या आणि नुसतं ऐकणाऱ्या बाळांना काहीही फरक पडला नाही. आवाज तोच, भाषा तीच. मोठं मूल पडद्यावरून थोडंफार शिकतं, पण तेही शेजारी बसून कुणी त्याबद्दल बोललं तर जास्त.

कारण साधं आहे. दारात भाजीचा ठेला आला, तुम्ही गिलकी उचललीत, मुलानं त्याकडे बघितलं, तुम्ही त्याची नजर पकडलीत आणि म्हणालात, ‘गिलकी. आजी म्हणते घोसाळी. धर, मऊ आहे ना?’ आणि थांबलात. त्या थांबण्यात मूल बोलतं. त्यानं ‘मऊ’ म्हटलं की तुम्ही ‘हो, मऊ मऊ’ म्हणता. वस्तू हातात, शब्द कानात, आणि समोरचं माणूस आपल्या उत्तराची वाट बघतंय, हे तिन्ही एका वेळी घडलं की शब्द बसतो. मालिकेतली सून सासूला उद्देशून अर्धा तास बोलते, पण तुमच्या मुलाच्या हातात काय आहे हे तिला दिसत नाही आणि ती त्याच्यासाठी थांबत नाही. पुण्याची आत्या व्हिडिओ कॉलवर बोलते ते याच कारणानं चालतं: ती त्याला बघते, थांबते, उत्तर देते.

‘पण डॉक्टर, तो मालिका बघतच नाही, खाली बसून खेळतो,’ असं मला नेहमी सांगतात. नुसता मागे चाललेला टीव्हीही काम करून जातो. २००८ च्या एका अमेरिकन अभ्यासात एक ते तीन वर्षांच्या मुलांना खेळणी दिली आणि मागे मोठ्यांचा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम लावला. मुलं पडद्याकडे काही सेकंदच बघायची, पण त्यांचा खेळ तुटक व्हायचा, एका खेळण्यावर ती कमी वेळ टिकायची. २००९ च्या दुसऱ्या एका अभ्यासात तीनशेहून अधिक लहान मुलांच्या कपड्यांत आवाज नोंदवणारं छोटं यंत्र ठेवलं होतं. टीव्ही ऐकू येत असलेल्या प्रत्येक तासामागे मुलाच्या कानावर मोठ्या माणसांचे सरासरी ७७० शब्द कमी पडले. टीव्ही लागला की आपण बोलायचे थांबतो, हे आपल्याला जाणवतही नाही.

रामबागेतल्या एका घरी मी काही वर्षांपूर्वी एका मुलाला बघायला गेले होते. तोही असाच, अडीच वर्षांचा, शब्द मोजके. जुनं घर, पुढची खोली, एका कोपऱ्यात आजोबा, टीव्ही चालू. मी चहा घेत अर्धा तास बसले आणि मनात मोजत राहिले की या मुलाला उद्देशून किती वेळा कुणी बोललं. सात वेळा. त्यातलं पाच वेळा ‘नको’, ‘सोड’, ‘इकडे ये’. मूल एकदा मोटार घेऊन आजोबांच्या गुडघ्याशी आलं, ‘गाली’ म्हणालं. आजोबांनी पडद्यावरची नजर न काढता त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. प्रेम होतं त्या हातात, पण ‘गाली’ला उत्तर मिळालं नाही. मग मी रिमोट मागून टीव्ही बंद केला आणि काहीच बोलले नाही. दहा मिनिटांत तेच आजोबा त्याला ‘लाल गाडी की निळी?’ विचारत होते. त्या घरातल्या कुणालाही बोलायला शिकवावं लागलं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की तुमच्या घरात मराठी मालिकांनी मराठीचीच जागा घेतली आहे. सात ते दहा ही वेळ आजी, आजोबा, आई, बाबा सगळे घरात असण्याची. पूर्ण इंदूरभर हिंदी ऐकून आलेल्या मुलाला खरी मराठी मिळायची हीच वेळ.

जेवणाचंही तसंच, आणि ते मला मालिकांपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. ‘हा घास चिऊचा, हा घास काऊचा’ हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या का चालत आलं असेल? भरवणारी बाई प्रत्येक घासाला मुलाच्या तोंडाकडे बघते, एक नाव घेते, थांबते, मूल ‘माऊचा’ म्हणतं, मग घास. दिवसातून तीन वेळा, वीस वीस मिनिटं. भाषेचा याहून चांगला वर्ग मला माहीत नाही, आणि कार्टूननं नेमका हाच वर्ग बंद पाडला. कार्टूनसमोर जेवणाऱ्या मुलाकडे एकदा नीट बघा. चमचा ओठाला लागला की तोंड उघडतं. नजर पडद्यावर. तोंडात वरणभात आहे की पोळीचा कुस्करा, हे त्याला कळत नाही. घास गालात तसाच राहतो, मग आपण ‘गिळ, गिळ’ करतो. पोट भरल्याची जाणीवही त्याच्यापर्यंत पोचत नाही.

आई टीव्ही लावते ती भीतीपोटी: खाल्लं नाही तर काय होईल? इथे एक आकडा मदतीला येतो. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या तिप्पट होतं. त्यानंतर मूल वर्षाला साधारण दोनच किलो वाढतं. वाढ मंदावते तशी भूकही मंदावते, आणि घरातल्यांना वाटतं मूल खाणं विसरलं. तुमच्या मुलाचं वजन आणि उंची वाढीच्या तक्त्यावर नीट चालली असेल तर एखादं जेवण अर्धवट राहिलं तरी चालतं. दूध दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त जात असेल तर आधी ते कमी करा. दुधानं भरलेल्या पोटी पोळी जात नाही, आणि जास्त दुधानं लोहही कमी पडतं. वजन तक्त्यावर घसरत असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा.

टीव्ही काढून टाकायची गरज नाही. काढला तर तुमच्या हातात मोबाईल येईल आणि तो त्याहून वाईट, कारण तो ताटाजवळही येतो. जेवणाच्या खोलीतून पडदा जायला हवा. मुलाला खाली सगळ्यांबरोबर बसवा, त्याच्या ताटात थोडं थोडं वाढा, हातानं खाऊ द्या. सांडेल. वर चिमूटभर बारीक शेव घातली की आपल्याकडची मुलं काहीही खातात, ती घाला. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचला, मागे लागू नका, आणि पुढच्या खाण्यापर्यंत मधे बिस्किटं देऊ नका.

पहिले तीन-चार दिवस रडारड वाढेल. ती कमी होणार नाही, आधी वाढेलच, कारण आजवर रडल्यावर टीव्ही लागत होता. चौथ्या दिवशी दमून कुणी टीव्ही लावला तर मूल एवढंच शिकतं की चार दिवस रडायचं असतं. म्हणून घरातले सगळे तयार असतील तेव्हाच सुरू करा. पाहुणे, परीक्षा, आजारपण असेल तर आठवडाभर थांबलात तरी चालेल.

सासूबाईंबद्दल तुम्ही जरा चिडून लिहिलंय, ते मला समजतं. पण त्यांच्या बाजूनं बघा. दिवसभर घरातच, ओळखीच्या मराठी बायका एकेक करून मुलांकडे पुण्याला, बंगलोरला गेलेल्या. संध्याकाळची मालिका ही त्यांची सोबत आहे. ‘तुमच्या टीव्हीमुळे बाळ बोलत नाही’ हे वाक्य घरात उच्चारू नका. ते पूर्ण खरंही नाही आणि त्यांना आयुष्यभर सलेल. त्याऐवजी त्यांना सोबत घेऊन डॉक्टरकडे जा आणि त्यांच्याचकडे मागा: ‘आई, याला मराठी तुम्हीच शिकवू शकता, माझं अर्धं हिंदी झालंय.’ बहुतेक मालिकांचं पुनर्प्रसारण दुपारी असतं किंवा त्या नंतर बघता येतात. दुपारी तो झोपला की त्यांनी निवांत बघाव्यात, मधे कुणी कामं सांगू नयेत. संध्याकाळी साडेसात ते नऊ हा वेळ त्यांचा आणि नातवाचा. शुभंकरोती, देवापुढची घंटा कुणी वाजवायची यावरची भांडणं, शेंगा सोलणं, धुतलेले कपडे ‘हा बाबाचा, हा ताईचा’ करत घडी घालणं. एखादी मालिका त्यांना त्याच वेळी बघायचीच असेल तर एक बघू द्या, आतल्या खोलीत, दार लोटून.

किती वेळ चालेल, हेही तुम्ही विचारलंय. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आणि आमच्या इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सनं २०२१ मध्ये सांगितलेली मर्यादा जवळपास सारखीच आहे: दोन वर्षांखाली पडदा नको, नातेवाइकांचा अधूनमधून व्हिडिओ कॉल सोडून, आणि त्यापुढे पाचव्या वर्षापर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तर उत्तम. तुमच्या मुलासाठी मी सध्या अर्धा तास म्हणेन, तोही कुणीतरी शेजारी बसून. संथ, एकच गोष्ट सांगणारं काहीतरी निवडा, आणि संपल्यावर त्याबद्दल बोला. पडद्यावर वाघ बघितला तर रविवारी कमला नेहरू प्राणिसंग्रहालयात न्या. तिथून आल्यावर आठवडाभर ‘वाघ कुठे होता? काय करत होता?’ चालतं. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, खांद्यावर बसून बघितलेलं मूल दिवाळीपर्यंत त्याबद्दल बोलत राहतं, हे मी दरवर्षी दवाखान्यात ऐकते.

मुलीचं थोडक्यात सांगते. नऊ वर्षांच्या मुलीला बंदी घालू नका, हिशोब तिच्या हाती द्या. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या एका शाळेत तिसरी-चौथीच्या मुलांना आधी दहा दिवस टीव्ही बंद ठेवायला सांगितलं आणि मग आठवड्याला सात तासांचं बजेट दिलं. सहा महिन्यांच्या त्या कार्यक्रमानंतर, हे न करणाऱ्या दुसऱ्या शाळेतल्या मुलांच्या तुलनेत त्यांच्या शरीरावर चरबी कमी चढली. १९९९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. रविवारी आठवड्याचे तास तिलाच वाटून घेऊ द्या. जाहिरात लागली की ‘हे विकतायत काय? खरंच एका आठवड्यात उंची वाढेल?’ असं विचारा, या वयाची मुलं फार हुशारीनं पकडतात. बातम्यांमधले मारहाणीचे प्रसंग मात्र तिच्यासमोर नकोत, ती विचारत नाही पण रात्री आठवतं. झोपायच्या खोलीत टीव्ही ठेवू नका आणि झोपण्याआधीचा तासभर दोघांनाही पडदा नको. तिला किमान नऊ तास झोप हवी, त्याला दुपारची धरून अकरा ते चौदा. सकाळी सातच्या बसनं जाणारी मुलगी दहाला मालिका संपेपर्यंत जागी असेल तर हा हिशोब बसत नाही.

आता काम कुठून सुरू करायचं ते सांगते. या आठवड्यात कानाची तपासणी करून घ्या, आणि मुलांच्या डॉक्टरांकडून वजन, उंची आणि विकासाची तपासणी. हे टीव्हीच्या कुठल्याही बदलासाठी थांबवू नका. ते झालं की स्वयंपाकघरात फ्रिजवर एक कागद लावा. तो आज जे जे शब्द स्वतःहून बोलतो ते सगळे लिहा, कोणत्याही भाषेतले, ‘गाली’ असेल तर ‘गाली’च. कागद सासूबाईंच्या हाती द्या, नवा शब्द आला की त्यांनी तारीख घालून लिहायचा. जेवताना आणि संध्याकाळी टीव्ही बंद ठेवून तीन महिने जाऊ द्या. यादी वाढत असेल, दोन शब्द जोडले जात असतील, तर तसंच चालू ठेवा. सहा आठवड्यांत एकही नवा शब्द चढला नाही, किंवा आधी बोलत होता ते शब्द गेले, तर तीन महिने पूर्ण होण्याची वाट न बघता तो कागद घेऊन वाचा-उपचार करणाऱ्या तज्ज्ञांकडे जा. जाताना सासूबाईंना बरोबर न्या. दिवसभर त्याच्याजवळ त्याच असतात, आणि तो काय म्हणतो ते त्यांना सगळ्यांत जास्त कळतं.